कॅमेरा कोणाच्या पाठीवर?

अतिउंच गिर्यारोहणावरचा माहितीपट हा चित्रपटांच्या इतिहासातला एक विलक्षण प्रकार आहे, कारण जे दाखवायचे असते ते जिथे घडते तिथवर कॅमेरा नेणे हेच मुळात अर्धे गिर्यारोहण असते. युद्धाचे, पुराचे किंवा निवडणुकीचे चित्रीकरण करणारा कॅमेरामन घटनेपासून थोडा बाजूला उभा राहू शकतो. आठ हजार मीटरवर अशी बाजूची जागाच नसते. समुद्रसपाटीपासून ८,००० मीटरहून उंच अशी १४ शिखरे जगात आहेत, मराठी गिर्यारोहक त्यांना 'अष्टहजारी' म्हणतात आणि ती सगळीच्या सगळी हिमालय व काराकोरम या दोन पर्वतरांगांत आहेत. या शिखरांवर गेल्या शंभर वर्षांत जे चित्रीकरण झाले त्याची समीक्षा बहुधा शौर्य, निसर्ग आणि मृत्यू या तीन शब्दांभोवती फिरत राहते. त्यांच्या जोडीला चौथा शब्द घ्यायला हवा आणि तो म्हणजे ओझे. कॅमेरा, फिल्मची रिळे, बॅटऱ्या, तिपाई हे सारे कोणीतरी पाठीवरून वर नेलेले असते. ते कोणी नेले आणि तो माणूस पडद्यावर दिसतो का, एवढ्या एका प्रश्नावर हे चित्रपट घासून पाहिले तर त्यांतले बरेचसे नाणे खोटे निघते आणि काही थोडे मात्र अस्सल ठरते.

प्रथम धोक्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. उंचावर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असे सर्रास म्हटले जाते, परंतु त्याचे प्रमाण खाली आणि वर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि दाब कमी झाला की एका श्वासात फुप्फुसांना मिळणारा ऑक्सिजन त्या मानाने घटतो. १९८१ साली एका अमेरिकन वैद्यकीय मोहिमेतील ख्रिस पिझ्झो यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा तो पाऱ्याच्या २५३ मिलिमीटरइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरील दाबाच्या एक तृतीयांश भरला. साधारण पाच-साडेपाच हजार मीटरपर्यंत शरीर हळूहळू जुळवून घेते, श्वास जलद होतो, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात; या प्रक्रियेला गिर्यारोहक अ‍ॅक्लायमटायझेशन म्हणतात. त्याच्या पुष्कळ वर गेल्यावर जुळवून घेणे थांबते आणि केवळ झीज सुरू होते. १९५२ च्या स्विस एव्हरेस्ट मोहिमेचे नेते डॉ. एदुआर विस-दुनाँ यांनी या टापूचे जे वर्णन केले त्यातूनच 'डेथ झोन', म्हणजे मृत्युक्षेत्र, ही संज्ञा रूढ झाली. तिथे फुप्फुसांत पाणी साठू शकते, मेंदूला सूज येऊ शकते, आणि सूज आलेल्या माणसाचा तोल जातो, बोलणे अडखळते, मात्र आपल्याला काही झाले आहे हे त्याचे त्यालाच उमगत नाही. थंडीत शरीर रक्त हातापायांकडून छातीकडे वळवते आणि बोटांना हिमदंश होतो, म्हणजे पेशी गोठून मरतात व बोटे काळी पडतात. फोकस जुळवण्यासाठी किंवा रीळ बदलण्यासाठी जो हातमोजा काढतो, त्याच्यासाठी ही माहिती पुस्तकी राहत नाही.

या शरीरशास्त्राचा चित्रपटाशी असलेला संबंध आणखी खोल आहे. प्राणवायूला मुकलेला मेंदू घटना नीट साठवत नाही, त्यामुळे वरून जिवंत परतलेल्या माणसाची साक्ष प्रामाणिक असूनही चुकीची असू शकते. १ ऑगस्ट २००८ रोजी के-टू या ८,६११ मीटर उंचीच्या शिखरावर 'बॉटलनेक' नावाच्या अरुंद घळीच्या वर लोंबणारा हिमखंड तुटला, लावलेले दोर वाहून गेले आणि दोन दिवसांत ११ जणांचा मृत्यू झाला. निक रायन यांचा 'द समिट' (२०१२) हा माहितीपट या घटनेची जुळणी करू पाहतो आणि त्याला ती पुरती जमत नाही, कारण कोण कोणाजवळ थांबला, कोणी कोणाला सोडवायचा प्रयत्न केला, याविषयी वाचलेल्यांची कथने एकमेकांशी जुळत नाहीत. पुनर्निर्मित दृश्ये आणि खरे चित्रीकरण यांची त्यात इतकी सरमिसळ आहे की प्रेक्षकाला काय खरे पाहिले हे सांगता येऊ नये. हा त्या चित्रपटाचा दोषच म्हणावा लागेल. तरीही शेर्पा गिर्यारोहक पेम्बा ग्याल्जे यांची साक्ष त्याच्या केंद्राजवळ आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूने मोजायला हवी.

या परंपरेचा प्रारंभ कॅप्टन जॉन नोएल यांच्यापासून होतो. १९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत ते कॅमेरा घेऊन गेले होते. ७ जून १९२२ रोजी नॉर्थ कोल या उत्तरेकडच्या खिंडीच्या उतारावर हिमकडा कोसळून सात भारवाहक मेले आणि मोहीम तिथेच संपली. १९२४ च्या मोहिमेचे चित्रीकरणाचे हक्क नोएल यांनी ८,००० पौंड देऊन विकत घेतले, म्हणजे गिर्यारोहणाचा खर्च चित्रपटाच्या तिकिटांतून काढण्याची जी पद्धत आज प्रायोजक आणि ओटीटी कंपन्या चालवतात तिची पायाभरणी तेव्हाच झाली. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन हे दोघे ८ जून १९२४ रोजी शिखराकडे जाताना शेवटचे दिसले. नोएल यांचा कॅमेरा त्यांच्याबरोबर वर जाऊ शकत नव्हता, म्हणून त्यांनी खूप लांबून, दूरदर्शी भिंग लावून, पर्वताच्या अंगावरचे काळे ठिपके टिपले. 'द एपिक ऑफ एव्हरेस्ट' या मूकपटातले सर्वात हेलावणारे दृश्य असेच दुरून घेतलेले आहे: नॉर्थ कोलवरच्या माणसांनी बर्फावर ब्लँकेटे क्रूसाच्या आकारात अंथरली आहेत आणि त्या खुणेचा अर्थ एवढाच आहे की दोघेही सापडले नाहीत. पांढऱ्या पडद्यावर ती खूण नखाएवढी दिसते. पुढच्या शंभर वर्षांत कॅमेरे वर सरकत गेले, चेहऱ्यांच्या जवळ गेले, परंतु या नखाएवढ्या खुणेइतके भेदक दृश्य त्यांना क्वचितच मिळाले.

नोएल यांच्या चित्रपटाची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. लंडनच्या स्काला थिएटरात चित्रपटाआधी रंगमंचावर नृत्य करण्यासाठी तिबेटी लामांना आणले गेले, शिवाय चित्रपटात एक माणूस मुलाच्या डोक्यातल्या उवा काढून खाताना दाखवला होता. ल्हासात या दोन्ही गोष्टींचा संताप उसळला, आणि त्यानंतर १९३३ पर्यंत तिबेटमार्गे एकाही एव्हरेस्ट मोहिमेला परवानगी मिळाली नाही. ज्या मुलखात कॅमेरा जातो तिथल्या माणसांना तो कसा दाखवतो हा प्रश्न या प्रकाराला जन्मापासूनच चिकटलेला आहे, आणि त्याची किंमत पहिल्या वेळी तरी चित्रपटवाल्यांनाच मोजावी लागली. नंतर ती इतरांकडे सरकली.

१९५३ च्या 'द काँक्वेस्ट ऑफ एव्हरेस्ट' या चित्रपटावर फार थांबण्याचे कारण नाही. टॉम स्टोबार्ट आणि वरच्या टप्प्यात न्यूझीलंडचे जॉर्ज लो यांनी त्याचे चित्रीकरण केले, शिखरावर चलचित्राचा कॅमेरा गेलाच नाही, आणि परतणाऱ्या हिलरी व तेनसिंग यांना पाहून खाली थांबलेल्यांचे चेहरे कसे बदलतात हाच त्याचा कळस आहे. त्याचे नाव विजयाचे आहे आणि सूरही तसाच आहे.

युइचिरो मिउरा यांची कथा मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे. या जपानी स्कीपटूने ६ मे १९७० रोजी एव्हरेस्टच्या साउथ कोलखालील बर्फाळ उतारावरून पाठीला पॅराशूट बांधून घसरत उतरण्याचा प्रयोग केला, वाटेत ते पडले, शेकडो मीटर गडगडत गेले आणि तळाच्या भेगेच्या जरा अलीकडे थांबले. त्यावरच्या 'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट' या कॅनेडियन चित्रपटाला १९७५ सालच्या सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. या अडीच मिनिटांहून कमी वेळाच्या घसरणीसाठी जे साहित्य वर न्यावे लागले ते नेताना, ५ एप्रिल १९७० रोजी, खुंबू आइसफॉलमध्ये बर्फ कोसळून सहा शेर्पा मेले. चित्रपट हे मृत्यू लपवत नाही; त्यात शोक आहे, अंत्यविधी आहेत आणि पुढे जावे की नाही याची मिउरांची घालमेलही आहे. पण घालमेल संपते, मोहीम पुढे जाते आणि प्रेक्षकाच्या स्मरणात पॅराशूट उरते. सहा जणांचा मृत्यू हा इथे नायकाच्या मनाच्या कसोटीचा एक प्रसंग बनतो. त्याच्या रचनेतले हे पाप तेव्हाच्या पुरस्कार समितीला दिसले नाही, आणि आजही जगभरच्या बहुसंख्य पर्वतपटांची मांडणी याच साच्यातली असते.

खुंबू आइसफॉल म्हणजे काय हे इथे सांगायला हवे, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे. खुंबू हिमनदी वरच्या दरीतून खाली येताना एका उभ्या पायरीवरून तुटते, त्यामुळे तिथे गोठलेल्या धबधब्यासारखी रचना तयार होते. घराएवढे, काही वेळा चारमजली इमारतीएवढे बर्फाचे ठोकळे एकमेकांवर रेललेले असतात आणि हे सगळे दिवसाला साधारण एक मीटर या गतीने पुढे सरकत असते. नेपाळच्या बाजूने एव्हरेस्ट चढणाऱ्या प्रत्येकाला बेस कॅम्पवरून पहिल्या कॅम्पकडे जाताना हा टापू ओलांडावा लागतो. ऊन चढले की बर्फ सैल होते, म्हणून माणसे मध्यरात्रीनंतर निघतात, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात भेगांवर आडव्या टाकलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्यांवर क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांना बांधलेल्या लोखंडी काट्यांचे, दात शिडीच्या पायरीत अचूक बसवत पाऊल टाकतात. पैसे देऊन आलेला गिर्यारोहक हा टापू हंगामात मोजक्या वेळा ओलांडतो. तंबू, दोर, अन्न, ऑक्सिजनचे सिलिंडर आणि कॅमेऱ्याच्या पेट्या वर नेणाऱ्या शेर्पाला तो वीस-तीस वेळा ओलांडावा लागतो. धोका म्हणजे नशीब अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी हा गुणाकार एकदा करून पाहावा.

कॅमेरा हाताळणारेही अर्थात मेले. ब्रिटिश गिर्यारोहक मिक बर्क १९७५ च्या क्रिस बॉनिंग्टन यांच्या एव्हरेस्टच्या नैर्ऋत्य भिंतीवरील मोहिमेत बीबीसीसाठी चित्रीकरण करत होते. २६ सप्टेंबर रोजी पीटर बोर्डमन आणि पेर्तेम्बा शेर्पा शिखरावरून उतरत असताना बर्क त्यांना माथ्याच्या थोडे खाली भेटले, एकटेच वर गेले आणि परत आले नाहीत. 'एव्हरेस्ट द हार्ड वे' या त्या मोहिमेच्या चित्रपटात त्यांचा शेवटचा कॅमेरा काय पाहत होता ते कधीच येऊ शकले नाही. के-टूवर १९८६ च्या उन्हाळ्यात १३ जण मेले, त्यांत ज्युली टलिस होत्या. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कुर्ट डिमबर्गर यांच्यासोबत त्या अतिउंचीवरील चित्रीकरण करणारी जोडी म्हणून ओळखल्या जात. ४ ऑगस्ट रोजी दोघे शिखरावर पोहोचले, उतरताना वादळाने त्यांना वरच्या कॅम्पात दिवसच्या दिवस अडकवले आणि टलिस यांचा तंबूतच अंत झाला. डिमबर्गर वाचले, हिमदंशाने त्यांची बोटे गेली. अशा माणसांना शूर म्हणावे की वेडे, हा वाद मराठी घरांत सिंहगडाच्या पायथ्यापासून रंगतो आणि तो तसाच राहू द्यावा; एवढे मात्र नोंदवायला हवे की ही माणसे स्वतःच्या निवडीने तिथे होती आणि त्यांची नावे श्रेयनामावलीत आहेत.

याच्या उलट टोकाला जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांचा पाऊण तासाचा 'गाशरब्रुम, देर लॉइख्तेंदे बेर्ग' हा चित्रपट आहे. १९८४ साली राइनहोल्ड मेसनर आणि हान्स कामरलांडर यांनी गाशरब्रुम-एक आणि गाशरब्रुम-दोन ही दोन अष्टहजारी शिखरे मध्ये बेस कॅम्पला न परतता सलग पार केली. हेर्झोग यांनी वर चढण्याचा आटापिटा केलाच नाही. ते खाली थांबले आणि मेसनर यांना प्रश्न विचारत बसले. १९७० साली नंगा पर्वतावर मेसनर यांचा धाकटा भाऊ गुंथर मेला होता. घरी परतल्यावर आईला तोंड कसे दाखवलेत, या अर्थाच्या प्रश्नावर मेसनर बोलता बोलता थांबतात आणि ढसाढसा रडतात, कॅमेरा मात्र हलत नाही. कड्याचे एकही दृश्य न दाखवता कड्याची किंमत दाखवणारा हा प्रसंग आहे. तो घेणे हे क्रौर्य होते असे कोणी म्हटले तर त्याचा प्रतिवाद करणे कठीण आहे. तो घेतला गेला नसता तर गिर्यारोहकाच्या घरच्यांना या चित्रपटप्रकारात प्रवेशच मिळाला नसता हेही तितकेच खरे.

१९९६ साली ओझ्याचा प्रश्न शब्दशः तराजूवर आला. अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशिअर्स यांना आयमॅक्स पद्धतीच्या प्रचंड पडद्यासाठी एव्हरेस्टचा चित्रपट करायचा होता. आयमॅक्सची फिल्म नेहमीपेक्षा कितीतरी रुंद असते आणि ती आडवी धावते, त्यामुळे पाचशे फुटांचे एक रीळ अवघ्या दीड मिनिटात संपते. मूळ कॅमेरा वर नेण्यासारखा नव्हताच; खास हलका करून घेतलेला कॅमेराही सुमारे १९ किलोंचा होता. ज्या उंचीवर गिर्यारोहक दाढीचे पाते नको म्हणून सोडतात आणि टूथब्रशचा दांडा कापून वजन वाचवतात, तिथे हे १९ किलो, वर तिपाई, बॅटऱ्या आणि रिळे. रीळ बदलायला उघडी बोटे लागतात, कारण जाड हातमोज्यात फिल्मची कड धरताच येत नाही. थंडीने फिल्म ठिसूळ होते, ती दातेरी चाकात बसवताना तुटली तर दीड मिनिटाची ती संधीच जाते. २३ मे १९९६ रोजी हा कॅमेरा शिखरावर पोहोचला. तो तिथवर शेर्पांच्या पाठीवरून गेला आणि १९९८ मध्ये प्रदर्शित झालेला 'एव्हरेस्ट' आयमॅक्सच्या इतिहासातल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांपैकी एक ठरला.

त्याआधी दोन आठवडे, १० मेच्या दुपारी, त्याच मार्गावर वादळाने अनेक पथकांना गाठले होते. ब्रेशिअर्स यांनी चित्रीकरण बाजूला ठेवले, साउथ कोलवर स्वतःच्या चित्रपटासाठी साठवलेले ऑक्सिजनचे सिलिंडर अडकलेल्यांसाठी खुले केले आणि त्यांचे सहकारी मदतीला वर गेले. ऑक्सिजन दिला म्हणजे स्वतःची शिखरचढाई आणि त्याबरोबर चित्रपटही धोक्यात घातला असा त्याचा हिशेब होता. कॅमेरा कधी खाली ठेवायचा याचे हे उदाहरण या क्षेत्रात आजही दिले जाते आणि ते रास्तच आहे. मात्र त्या दोन दिवसांत मेलेल्या आठ जणांपैकी तिघे उत्तरेच्या, तिबेटच्या बाजूने चढणारे भारतीय होते: भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे त्सेवांग स्मानला, त्सेवांग पाल्जोर आणि दोर्जे मोरूप. १९९६ वर इंग्रजीत जे पट आणि पुस्तके निघाली त्यांत दक्षिण बाजूच्या पाच मृत्यूंना पाने आणि रिळे मिळाली, या तिघांना बहुधा एखादा परिच्छेद. उत्तरेच्या वाटेवर अनेक वर्षे दिसत राहिलेला हिरव्या बुटांचा मृतदेह या तिघांपैकीच एकाचा असावा असे मानले जाते. लडाखच्या त्या माणसाला जगाने नावाऐवजी बुटांचा रंग दिला होता.

ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका जेनिफर पीडम यांचा 'शेर्पा' (२०१५) हा या साऱ्या परंपरेला दिलेला जाब आहे. २०१३ साली एव्हरेस्टवर परदेशी गिर्यारोहक आणि शेर्पा यांच्यात हाणामारी झाली होती, आणि त्या पार्श्वभूमीवर पुढचा हंगाम शेर्पांच्या नजरेतून चित्रित करावा असा पीडम यांचा मूळ बेत होता. एव्हरेस्टवर २१ वेळा गेलेले फुर्बा ताशी शेर्पा, त्यांनी आता जाऊ नये म्हणणारे त्यांचे कुटुंब, आणि ज्यांच्या पथकात ते काम करत ते न्यूझीलंडचे रसेल ब्राइस ही मुख्य पात्रे होती. १८ एप्रिल २०१४ च्या सकाळी एव्हरेस्टच्या पश्चिम खांद्यावरून हिमखंड सुटला आणि खुंबू आइसफॉलमध्ये ओझी घेऊन चाललेल्या १६ नेपाळी कामगारांचा बळी गेला. त्यांपैकी तिघांचे मृतदेह हातीच लागले नाहीत. कॅमेरे तिथेच होते आणि चित्रपट बदलला. हेलिकॉप्टरखाली लांब दोराला लटकत एकेक मृतदेह बेस कॅम्पकडे येतो हे दृश्य त्यात आहे, पण चित्रपटाचे खरे बळ त्यानंतरच्या दिवसांत आहे, जेव्हा नेपाळ सरकार मृतांच्या घरच्यांना तातडीची मदत म्हणून ४०,००० नेपाळी रुपये देऊ करते, शेर्पा बेस कॅम्पवर सभा घेऊन हंगाम बंद करण्याची मागणी करतात, आणि पैसे भरून आलेल्यांच्या तंबूंत चुळबुळ सुरू होते. एक पाहुणा गिर्यारोहक या शेर्पांच्या 'मालकां'शी बोलता येणार नाही का, असे विचारतो. या एका शब्दासाठी तरी हा चित्रपट पाहावा, कारण पूर्वीच्या ऐंशी-नव्वद वर्षांच्या पर्वतपटांत जे न बोलता गृहीत धरलेले होते ते तिथे तोंडातून निसटून जाते. या अपघातानंतर उंचावरच्या कामगारांच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये करण्यात आली.

'शेर्पा' या शब्दाचाही थोडा विचार करायला हवा. तिबेटी बोलीत 'शर' म्हणजे पूर्व आणि 'पा' म्हणजे लोक. पूर्वेकडून आलेल्या एका समाजाचे ते नाव आहे. परदेशी मोहिमांनी ते हुद्द्यासारखे वापरले, आणि आता तर जी-२० परिषदेत देशाची फाइल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यालाही शेर्पा म्हणतात. '१४ पीक्स' (२०२१) या नेटफ्लिक्सपटाचा नायक निर्मल पुर्जा, ज्याने २०१९ मध्ये सहा महिने सहा दिवसांत चौदाही अष्टहजारी शिखरे केली, याच सवयीवर बोट ठेवतो: 'माझ्या शेर्पाने मदत केली' असे म्हणणारा गिर्यारोहक त्या माणसाचे नाव घेत नाही, म्हणजे तो माणूस नसल्यातच जमा होतो. चित्रपट आत्मप्रौढीने भरलेला आहे आणि धोक्याचा त्याला विसर पडल्यासारखा वाटतो, तरी हा मुद्दा त्याचा स्वतःचा आहे. लुसी वॉकर यांचा 'माउंटन क्वीन' (२०२३) अधिक सखोल आहे. त्यातल्या ल्हाक्पा शेर्पा यांनी मुलगी म्हणून शाळा नाकारली गेल्यावर ओझी वाहिली, पुढे दहा वेळा एव्हरेस्ट केले, आणि अमेरिकेत मुलींना वाढवताना दुकानात भांडी घासली. डोंगरापेक्षा घरात सोसलेली मारहाण त्यांच्यासाठी अधिक जीवघेणी होती, हे तो चित्रपट आरडाओरडा न करता सांगतो.

गिर्यारोहकानेच कॅमेरा धरावा, म्हणजे ओझे आणि डोळा एकाच माणसाचे होतील, हा या प्रश्नावरचा एक मार्ग आहे. गढवालमधल्या गंगोत्री परिसरातील मेरू शिखराच्या 'शार्क्स फिन' या कड्यावर कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनन ओझटर्क २००८ साली माथ्यापासून सुमारे शंभर मीटर अलीकडून परतले आणि २०११ मध्ये यशस्वी झाले. 'मेरू' (२०१५) या चित्रपटात दिसणारा जवळजवळ प्रत्येक क्षण या तिघांनीच टिपलेला आहे, आणि अशा कड्यावर ओझी वाहायला दुसरे कोणी नसतेच. 'कोल्ड' (२०११) हा जेमतेम वीस मिनिटांचा पट त्याहून उघडा आहे. गाशरब्रुम-दोनच्या पहिल्या हिवाळी चढाईनंतर उतरताना कोरी रिचर्ड्स हिमलोटात गाडले गेले, वर आले आणि त्यांनी कॅमेरा स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवला. त्या चेहऱ्यावर विजयाचा मागमूस नाही. पुढे मार्क-आंद्रे लक्लेर या तरुण कॅनेडियन गिर्यारोहकाने, 'द आल्पिनिस्ट'चे चित्रीकरण चालू असताना, पथकाला चुकवून एक चढाई एकट्याने केली, कारण कॅमेरा सोबत असेल तर ती एकट्याची उरत नाही असे त्याचे म्हणणे होते. हा युक्तिवाद बिनतोड आहे. लक्लेर मार्च २०१८ मध्ये अलास्कात मेला, त्या वेळी तिथे चित्रीकरण करणारे कोणी नव्हते.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ च्या मे महिन्यात दहा गिर्यारोहकांसह कांचनजुंगा केले. मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनासारख्या ठिकाणी अशा मोहिमांच्या फिती आणि स्लाइड-शो भरल्या सभागृहात पाहिले जातात. मराठी मोहिमाही शेर्पांच्या साथीनेच होतात, आणि मराठी गिर्यारोहकांच्या लेखनात त्यांची नावे साधारणपणे येतात. त्यांच्या फितींतही ती तितक्याच ठळकपणे यावीत अशी अपेक्षा करणे गैर नाही.

के-टूवर २७ जुलै २०२३ रोजी जे घडले त्याने मात्र कॅमेऱ्याविषयीचा सगळा विचार पुन्हा मोकळ्या मैदानात आणून टाकला. मोहम्मद हसन हा पाकिस्तानी भारवाहक, तीन मुलांचा बाप, बॉटलनेकच्या अवघड आडव्या वाटेवर घसरून दोरावर लटकला आणि काही तासांनी मेला. त्या दिवशी शंभराहून अधिक लोक शिखरावर गेले. त्याच दिवशी एका पथकाने उडवलेल्या ड्रोनच्या चित्रफितीत माणसांची रांग त्याला ओलांडून पुढे जाताना दिसली, आणि जगभर संताप उसळला. विक्रमी वेगाने चौदा शिखरे पूर्ण करणाऱ्या नॉर्वेच्या क्रिस्टिन हरिला त्या दिवशी तिथे होत्या. त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या पथकाने मदतीचा प्रयत्न केला, आणि हसनजवळ सर्वात जास्त वेळ थांबून त्याला स्वतःचा ऑक्सिजन देणारा माणूस त्यांचा कॅमेरामन होता. हे कथन मान्य केले तर त्या वाटेवर ज्याच्याकडे पुढे जाण्याचे सर्वात मोठे व्यावसायिक कारण होते तोच थांबला, आणि त्याच्या थांबण्याचे चित्रीकरण करायला कोणी नव्हते. आकाशातल्या यंत्राने टिपली ती फक्त रांग. ड्रोनला पाठ नसते, त्यामुळे त्याला ओझेही कळत नाही. पण त्या ड्रोनविना हसनचे नाव गिलगिट-बाल्टिस्तानच्या सरकारी चौकशीपर्यंत पोहोचले असते का, याचे उत्तर होकारार्थी देणे कठीण आहे.

एप्रिल २०२४ मध्ये एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरून एका वेगळ्याच ड्रोनची चाचणी झाली. त्याच्यावर चित्रीकरणाचे काम नव्हते. त्याने खुंबू आइसफॉलवरून पहिल्या कॅम्पकडे ऑक्सिजनचे सिलिंडर नेले आणि येताना कचरा खाली आणला. एका खेपेला १५ किलो, जाऊन-येऊन सुमारे १२ मिनिटे. पुढच्या हंगामात शिड्या आणि दोरही असेच वर गेले. ओझे घेऊन हेच अंतर ओलांडायला शेर्पाला सहा ते आठ तास लागतात.